वर्नाबाई आणि कुत्र्यांची चौपाटी

पोर्ट टर्लो गावात वर्ना पास्को यांना ओळखत नाही असं माणूस नव्हतं. जेटीसमोरच्या रस्त्यावर त्यांनी जन्मभर सुया, दोरे, लोकर आणि बटणांचं दुकान चालवलं. गावातल्या कुठल्या लग्नाच्या झग्याला कुठली लेस लागली आणि तो झगा कोणाला किती वर्षांत बसेनासा झाला, हे त्यांना तोंडपाठ. दुकान विकून झाल्यावरही लोक रस्त्यात थांबवून त्यांना विचारत, "वर्ना, या कोटाला कसलं बटण शोभेल गं?" आणि त्या उभ्या उभ्या सांगत.

पण त्यांची एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. वर्नाबाईंना कुत्र्यांची भीती वाटायची. थोडीथोडकी नाही. समोरून कुत्रं येताना दिसलं की त्यांचे पाय आपोआप मागे सरकायचे आणि चेहऱ्यावर मात्र हसू चिकटवलेलं राहायचं.

त्यांना कुत्रं कधी चावलं नव्हतं. खरं दुखणं तेच होतं. ज्याला चावलेलं असतं त्याला दाखवायला निदान पोटरीवर व्रण तरी असतो. यांच्याकडे काहीच नव्हतं. शिवाय पोर्ट टर्लोत घरटी एक कुत्रं, काही घरांत दोन. अशा गावात 'मला कुत्र्याची भीती वाटते' म्हणणं म्हणजे 'मला समुद्र आवडत नाही' म्हणण्यासारखं. लोक बोलत नाहीत काही, पण चहाला बोलवायचं कमी करतात.

म्हणून वर्नाबाईंनी गावाचा स्वतःचा एक नकाशा डोक्यात तयार केला होता. पोस्टात जायचं तर चर्चच्या मागून, कारण पुढच्या रस्त्यावर पोस्टमास्तरांचा लांबुळका कुत्रा फाटकाशी पडलेला असे. बेकरीत जायचं ते दुपारी, कारण सकाळी बाहेरच्या खांबाला चार-पाच बांधलेले असत. आणि चौपाटीवर तर जायचंच नाही. पाटी होती, 'कुत्र्यांना पट्टा लावूनच आणावे', पण ती पाटी वाचता येणारं कुत्रं अजून जन्माला आलं नव्हतं आणि मालकांना वाचायची सवय नव्हती. "मला बाई चालायला आवडतं," असं सांगत वर्नाबाई आख्ख्या गावाला वळसे घालत. त्यामुळे या वयातही तब्येत ठणठणीत होती, हा एक फायदा.

त्यांचा नवरा क्लेम बंदरावरच्या धान्याच्या कोठारात कामाला होता. निवृत्त झाल्यापासून तो रोज सकाळी बादली आणि गळ घेऊन जेटीवर जाई आणि माकुळ मासे घेऊन परत येई. माकुळ नसेल तेव्हा नुसता परत येई. मेंढ्यांच्या शेतावर वाढलेला माणूस, बोलायला कमी, पण बोलला की चिमटा काढल्याशिवाय राहायचा नाही.

वर्नाबाई राजकारणात आल्या त्या एका बाकड्यामुळे. जेटीच्या तोंडाशी एक जुनं बाकडं होतं. नगरपरिषदेने ते दुरुस्तीला म्हणून उचललं आणि नंतर कोणालाच आठवेना की कुठे ठेवलं. वर्नाबाईंनी तीनदा चौकशी केली. तिन्ही वेळा उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' तिसऱ्या वेळी त्यांचं डोकं फिरलं.

"मी निवडणुकीला उभी राहते," त्या क्लेमला म्हणाल्या.

"राहा की खुशाल उभी," क्लेम म्हणाला. "नाहीतरी बसायला बाकडं कुठे आहे?"

अर्ज भरला आणि आठवडाभरात दारावरची घंटा वाजली. वर्नाबाईंनी आतलं दार उघडलं आणि बाहेरच्या जाळीच्या दाराला हात घालणार तोच थिजल्या. पायरीवर हेडी लिंडनर उभी होती. ही हेडी म्हणजे गावातल्या कुत्रेवाल्यांच्या मंडळाची अध्यक्ष. चाळिशीची, दणकट, उन्हाने रापलेली, बोलायला लागली की श्वास घ्यायला विसरणारी बाई. आणि तिच्या शेजारी तिचा ग्रेट डेन. वासरापेक्षा थोडा लहान. त्याचं ओलं काळं नाक जाळीला लागलेलं होतं आणि जाळीतून त्याचा गरम श्वास वर्नाबाईंच्या पोटावर येत होता.

"हा बटण," हेडी म्हणाली.

वर्नाबाईंच्या दुकानात जन्मभरात लाखो बटणं येऊन गेली असतील. त्यांतलं एकही असं नव्हतं.

"वर्ना, मी सरळ मुद्द्यावर येते. कुत्र्यांना मोकळं पळता येईल असा एक किनारा गावाला हवाय. बिनपट्ट्याचा. शेजारच्या सगळ्या गावांत आहे. तुम्ही निवडून आलात तर पाठिंबा द्याल?"

"हो, हो," वर्नाबाई म्हणाल्या.

"म्हणजे नक्की?"

बटणने एक पंजा उचलून जाळीवर ठेवला. जाळी करकरली.

"नक्की! अगदी नक्की! माझा तर पहिल्यापासूनच पाठिंबा आहे!"

हेडीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलंच होतं. बटणला माणूस बरोबर कळतं."

पुढे काय झालं ते सांगायला नको. मंडळाने पत्रक काढलं. त्यावर वर्नाबाईंचा हसरा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आपली माणसं, आपल्या कुत्र्यांची माणसं'. कुत्रेवाल्यांच्या मतांवर वर्नाबाई गावात सगळ्यांत जास्त मतांनी निवडून आल्या. 'भीक नको पण कुत्रं आवर' असं म्हणायची सोयच राहिली नाही, कारण भीक झोळीत पडून गेली होती. पहिल्याच सभेला हेडीची मंडळी मागच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या पिटत होती. त्या टाळ्यांच्या कडकडाटात नगराध्यक्षांनी 'श्वानविहार किनारा समिती' जाहीर केली आणि तिच्या प्रमुख म्हणून एकमताने नाव आलं ते वर्ना पास्को यांचं.

"अभिनंदन," घरी क्लेम म्हणाला. "लांडग्याला मेंढ्यांची राखण देतात, असं ऐकलं होतं. मेंढीला लांडग्यांची राखण दिलेली पहिल्यांदाच पाहतोय."

"म्हणजे काय?" वर्नाबाई सावध झाल्या.

"काही नाही. चहा घेतेस?"

समितीत तिघं. वर्नाबाई, निवृत्त मुख्याध्यापक आयव्हर नीबोन, हेही नगरसेवक, आणि नगरपरिषदेचा तरुण नियोजन अधिकारी जॅरड. नीबोन रोज सकाळी, थंडीवाऱ्यातही, आपल्या पाच-सहा म्हाताऱ्या मित्रांबरोबर जेटीपाशी पोहत. त्यांचा या योजनेला कडवा विरोध होता. मुख्याध्यापकपद गेलं तरी त्यांचा आवाज तसाच होता. ते 'बसा' म्हणाले की खुर्च्यासुद्धा बसल्यासारख्या वाटत.

जॅरडने नकाशे पसरले. गावाला तीन किनारे. पहिला जेटीचा, तो पोहणाऱ्यांचा. दुसरा दीपगृहाखालचा, तिथे टिटवीच्या जातीचे चिमुकले पक्षी उघड्या वाळूत अंडी घालत, त्यामुळे तो कुत्र्यांना द्यायचा प्रश्नच नव्हता. तिसरा चर्चच्या पलीकडचा. त्याला गावात 'शेवाळी' म्हणत. हिवाळ्यात वारा सुटला की समुद्र सगळं गवत-शेवाळ तिथे आणून टाकी. माणसाच्या उंचीचे ढीग लागत, कुजत, आणि त्याचा वास पार बेकरीपर्यंत येई. माणसं तिकडे जात नसत.

"कुत्र्यांना तो वास आवडतो," जॅरड म्हणाला.

"कुत्र्यांना काय आवडतं त्यावर गाव चालवायचंय का?" नीबोन म्हणाले.

वर्नाबाईंना दोघांचंही पटत होतं, आणि प्रमुखाला असं दोन्हीकडचं पटून चालत नाही.

मग गावाचं मत मागवलं. गावात मतदार जितके, त्याहून जास्त उत्तरं आली. बऱ्याच उत्तरांखाली सहीऐवजी पंजाचा ठसा होता. एकाने लिहिलं होतं, कुत्र्यांना किनारा देता तर मांजरांनी काय घोडं मारलंय? एकीने शेजाऱ्याच्या कुत्र्याविषयी चार पानं लिहिली होती आणि शेवटी म्हटलं होतं की खरं तर तक्रार शेजाऱ्याबद्दलच आहे. जॅरड ते सगळं वाचून काढत होता आणि दिवसेंदिवस फिका पडत चालला होता.

शेवटी ठरलं की समितीने शेवाळीला जाऊन प्रत्यक्ष पाहणी करायची. जून महिना, म्हणजे तिकडे ऐन हिवाळा, बोचरा वारा. वर्नाबाईंनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवले, दोन स्वेटर घातले. जणू जाडी वाढवली की दात कमी लागतील. क्लेमने गाडीतून सोडलं.

"मी थांबतो इथेच," तो म्हणाला.

"कशाला?"

"सहज. समुद्र बघतो."

वर्नाबाईंना वाटलं होतं, तिघंच असतील. पण हेडीला कुठून तरी कळलं होतं. ती वीसेक माणसं आणि तितकीच कुत्री घेऊन हजर. आज पट्टे लावलेले होते, पण हेडीला उत्साह आवरेना. "समितीला बघू तरी द्या, कुत्री किती शहाण्यासारखी खेळतात ते!" असं म्हणून तिने बटणचा पट्टा काढला.

बटणने इकडेतिकडे पाहिलं. जाळीपलीकडची ती बाई त्याला आठवली असावी. तो झेपावत निघाला, सरळ वर्नाबाईंकडे.

वर्नाबाई मागे सरकल्या. मागे शेवाळाचा ढीग होता, म्हणून डावीकडे वळून मागे सरकल्या. बटण जवळ आला. त्या आणखी मागे सरकल्या. बुटात गार पाणी शिरलं तेव्हा कळलं की आपण समुद्रात आहोत. बटणला वाटलं, काय छान खेळ आहे! तोही पाण्यात. वर्नाबाई गुडघाभर, मग मांडीभर, मग कमरेपर्यंत पाण्यात उलट्या चालत गेल्या. चेहऱ्यावर ते चिकटवलेलं हसू. काठावर कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कोणीतरी फोटो काढला. समितीच्या प्रमुख, ऐन हिवाळ्यात, कपड्यांसकट, कुत्र्याबरोबर पाण्यात! असा लोकप्रतिनिधी गावाने पाहिला नव्हता.

लाट आली. बटण त्यांच्यापासून हातभर अंतरावर पोहत होता. वर्नाबाईंनी डोळे मिटले.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. दोन बोटं तोंडात घालून घातलेली, लांब, शेवटी वर चढणारी शिट्टी. बटण गर्रकन वळला आणि काठाकडे निघाला. वर्नाबाईंनी डोळे उघडले. क्लेम वाळूवर उभा होता. बटणने ओल्या अंगाने जाऊन आपलं भलंमोठं डोकं क्लेमच्या कोटाच्या उजव्या खिशात खुपसलं. आणि एकटा बटणच नाही. उरलेली कुत्रीसुद्धा आपापल्या मालकांना ओढत, फरफटत क्लेमकडे निघाली होती. पोस्टमास्तरांचा लांबुळका तर आनंदाने रडत होता.

"अरे, तुम्ही क्लेमला ओळखता?" नीबोन थक्क होऊन कोणाला तरी विचारत होते. विचारत होते ते बहुधा कुत्र्यांनाच.

कमरेइतक्या गार पाण्यात उभ्या असलेल्या वर्नाबाईंना एकदम उमगलं, की नवऱ्याच्या उजव्या खिशात कायम आल्याच्या बिस्किटांचा चुरा का असतो.

क्लेमने गाडीतून घरी आणलं. वर्नाबाईंनी गरम पाण्याने आंघोळ केली, लोकरीचा झगा घातला, आणि स्वयंपाकघरात येऊन टेबलाशी बसल्या.

"किती दिवस चाललंय हे?"

क्लेमने किटलीकडे पाहिलं. "काय चाललंय?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. हे. कुत्र्यांशी."

"निवृत्त झाल्यापासून."

"सहा वर्षं!" वर्नाबाईंनी कपाळाला हात लावला. "आणि मला वाटतंय, माणूस माकुळ धरतोय. कोण कोण आहेत?"

"बटण. मग मासेवाल्याची ती म्हातारी टिली. बेकरीवाल्यांचे दोन्ही. आणि तो पोस्टमास्तरांचा."

"तो लांबुळका पण?"

"स्वभावाने फार गरीब आहे गं तो."

"अरे, त्याच्यापायी मी इतकी वर्षं चर्चमागून जातेय!"

"माहितेय," क्लेम म्हणाला.

वर्नाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुला माहीत होतं? मी घाबरते ते?"

"वर्ना, लग्नाआधी तुला शेतावर आईला भेटवायला नेलं होतं. अंगणात कुत्री भुंकत आली आणि तू गाडीतून उतरलीच नाहीस. बूट चावतोय म्हणालीस. आई तुला खिडकीतून चहा देत होती. नंतर वर्षभर ती सगळ्यांना सांगायची, 'सून गुणाची आहे हो, पण पायाने जरा अधू.'"

वर्नाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. भांडण अजून संपलं नव्हतं. "म्हणून तू कधी कुत्रं आणलं नाहीस घरी?"

"बायको आणली होती. दोघांना एकदम सांभाळणं झेपलं नसतं."

हे म्हणताना तो हसत होता. पण वर्नाबाईंना तो तरुण क्लेम आठवला, शेत सोडून गावात राहायला आलेला. त्याच्या ट्रकच्या मागच्या फळीवर कुत्र्याच्या नखांचे ओरखडे होते आणि मागे बसायला कुत्रं नव्हतं. त्याने ते कुत्रं कोणाला दिलं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आताही विचारवेना. त्यांनी उठून मांसाचं सारण भरलेल्या पास्टी गरम केल्या, आणि मोठी होती ती त्याच्या ताटात वाढली.

"सांगून टाक आता सगळ्यांना," क्लेम खाता खाता म्हणाला.

"आता कसं सांगू? हेडी तो पाण्यातला फोटो मोठा करून बेकरीत लावणार आहे. खाली लिहिणार म्हणे, 'बोले तैसी चाले'."

"बरोबरच आहे," क्लेम म्हणाला. "उलटी चाले, पण चाले."

ऑगस्टमध्ये शेवटची सभा भरली. नगरपरिषदेचं सभागृह खच्चून भरलेलं. एका बाजूला हेडीची मंडळी, दुसऱ्या बाजूला पोहणारी मंडळी, मधे बायकांनी विकायला ठेवलेल्या खोबऱ्याच्या केकचं टेबल. तेवढीच काय ती तटस्थ जागा. कुत्र्यांना आत मनाई होती. ती बाहेर बांधलेली होती आणि अधूनमधून बाहेरून एखादी हरकत ऐकू येत होती.

जॅरडने योजना वाचून दाखवली. मग नीबोन उठले. छान बोलले, माणसाला भाषा होती. स्वच्छतेवर बोलले, पक्ष्यांवर बोलले, आणि शेवटी त्यांचा आवाज चढला.

"आणि या गावात अशा म्हाताऱ्या स्त्रिया आहेत, ज्यांना कुत्र्यांची भीती वाटते! त्या बोलत नाहीत. बिचाऱ्या गल्लीबोळांतून लपतछपत जातात. नगरसेविका पास्को यांचं श्वानप्रेम सगळ्या गावाने पाहिलं. पण मी त्यांना विचारतो, अशी एखादी घाबरलेली बाई त्यांनी आयुष्यात कधी जवळून पाहिली आहे का?"

मागच्या रांगेत क्लेमला खोकल्याची उबळ आली.

वर्नाबाई उठल्या. त्यांनी काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं, पण तो कागद कुठल्या तरी दुसऱ्याच बाईने लिहिल्यासारखा वाटत होता.

"पाहिली आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी पाहते. आरशात."

बाहेर एक कुत्रं एकदाच भुंकलं.

"मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणापासून. आयव्हर, तू म्हणालास ना लपतछपत, तश्शीच जाते मी. त्या दिवशी मी हौसेने पाण्यात गेले नव्हते. मागे सरकायला दुसरीकडे जागा नव्हती."

आधी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं सभागृह हसलं. हेडी मात्र हसली नाही. ती उभी राहिली. चेहरा लाल झाला होता.

"म्हणजे त्या दिवशी दारात तुम्ही माझ्याशी खोटं बोललात?"

"तुझ्याशी नाही गं. बटणशी बोलले," वर्नाबाई म्हणाल्या. "त्याने पंजा ठेवला होता जाळीवर. त्या क्षणी तू टाउन हॉल मागितला असतास तरी दिला असता मी."

आता हेडीच्याही तोंडाचा कोपरा हलला.

"आणि तरीही," वर्नाबाईंनी टेबलावर हात टेकले, "माझं मत या योजनेलाच आहे. का, ते सांगते. आज कायद्याने कुत्री तिन्ही किनाऱ्यांवर बांधलेली असायला हवीत, आणि प्रत्यक्षात तिन्हीवर मोकळी आहेत. लग्न झाल्यापासून मी जेटीच्या वाळूवर पाय ठेवलेला नाही. समुद्राकाठी राहते आणि समुद्र खिडकीतून बघते. तुम्ही म्हणता, कुत्र्यांना हक्काची जागा द्या. द्या! शेवाळी द्या त्यांना, वासासकट. म्हणजे मला कळेल की कुत्री कुठे आहेत. पण मग बाकीच्या दोन किनाऱ्यांवर पट्टा म्हणजे पट्टा. पक्ष्यांच्या किनाऱ्यावर तर पट्ट्यानेही नाही. आणि ते सांभाळायचं काम नगरपरिषदेचं नाही, हेडी, तुझ्या मंडळाचं. माझ्यासारखीला कोणी विचारत नाही. तू ओरडलीस की ऐकतात."

हेडीने क्षणभर विचार केला. "ऐकतील," ती म्हणाली. "नाही ऐकलं तर मी बघून घेईन."

ती हे ज्या सुरात म्हणाली त्याने तिच्याच बाजूच्या दोघातिघांनी मान खाली घातली.

मतदान झालं. योजना एका मताच्या फरकाने मंजूर झाली. नीबोन यांनी विरोधात हात वर केला आणि तो वर असतानाच म्हणाले, "विरोध नोंदवतो. पण भाषण चांगलं झालं, वर्ना. शेवट जरा लांबला."

पुढचे काही दिवस वर्नाबाई घराबाहेर पडायला धजत नव्हत्या. आता गाव हसणार. गाव हसलंच, बेकरीतल्या पोरीने त्यांना कुत्र्याच्या आकाराचं बिस्किट फुकट दिलं आणि म्हणाली, "घाबरू नका, चावायचं तुम्ही आहे." पण आणखीही एक गोष्ट झाली, जी त्यांच्या ध्यानीमनी नव्हती. माणसं एकेकटी गाठून, आजूबाजूला बघून, कुजबुजायला लागली. "वर्ना, मलाही." मासेवाल्याच्या बायकोला भीती वाटत होती, नवऱ्याची टिली घरात असून. चर्चमधल्या पेटी वाजवणाऱ्या बाईंना वाटत होती. आणि जॅरड! पाहणीच्या दिवशी तो नकाशाची फळी छातीशी का धरून उभा होता, ते त्याने चहाच्या वेळी लाजत लाजत सांगितलं. कुत्र्यांचा किनारा ज्यांनी आखला त्या तिघांपैकी दोघं कुत्र्यांना घाबरणारी, आणि तिसऱ्याचा विरोध. गावाच्या कारभाराला असं काहीतरी लागतंच.

ऑक्टोबरात, तिकडच्या ऐन वसंतात, शेवाळीला कुंपण आणि फाटक झालं. उद्घाटनाला फीत कापायला वर्नाबाईच. हेडीने सगळ्यांना दम दिला होता. कुत्री ओळीने पट्ट्यांत, तोंडं समुद्राकडे. वर्नाबाईंनी फीत कापली, कात्री जॅरडच्या हातात कोंबली आणि गाडीत जाऊन बसल्या. काच वर केल्यावर त्यांनी मान हलवली. मग हेडीने हात खाली केला आणि सगळी कुत्री सुटली. क्लेम फाटकातून आत गेला. वर्नाबाई काचेतून बघत होत्या. तो वाळूवर गुडघे टेकून बसला आणि कुत्र्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला. नुसती त्याची टोपी तेवढी वर दिसत होती. थोड्या वेळाने तीही एक कुत्रं घेऊन पळालं. बराच वेळ त्यांनी त्याला बोलवायला हॉर्न वाजवला नाही.

नाताळ आठवड्यावर आला होता, म्हणजे भर उन्हाळा. उकाडा फार. सकाळी क्लेम शेवाळीला गेला आणि वर्नाबाई जेटीच्या वाळूवर उतरल्या. आता हे रोजचं झालं होतं, पण अर्ध्यापर्यंतच. खडकांपर्यंत जायचा धीर अजून झाला नव्हता. त्या दिवशी समोरून एक धिप्पाड, दंडांवर गोंदवलेला, सुट्टीला आलेला शहरी माणूस येत होता, आणि त्याच्या पुढे एक पांढरं केसाळ पिल्लू उड्या मारत होतं. मोकळं. ते वर्नाबाईंच्या दिशेने धावलं.

वर्नाबाईंचे पाय सवयीने मागे निघाले. मग थांबले.

"ओ!" त्यांनी हात वर केला. "पट्टा लावा त्याला!"

"अहो काकू, तो काही करत नाही," तो माणूस हसत म्हणाला. जगातले सगळे कुत्रेवाले हे एकच वाक्य शिकून आलेले असतात.

"तो करत नसेल. मी करते. मी घाबरते. लावा पट्टा! मोकळं सोडायचं असेल तर चर्च ओलांडून पलीकडे जा. वास येईल, त्या वासामागे जा."

तो माणूस गोंधळला. मग वाकून त्याने पिल्लाला उचललं. "सॉरी हं. खरंच सॉरी."

"ठीक आहे," वर्नाबाई म्हणाल्या, आणि पार खडकांपर्यंत चालत गेल्या. तिथे वाळूवर बसल्या, बूट काढले आणि पाण्यात पाय सोडून नीबोन यांच्या म्हाताऱ्या टोळीला पोहताना बघत राहिल्या.

घरी आल्याबरोबर त्यांनी क्लेमला सगळं सांगितलं.

"केवढं होतं कुत्रं?" क्लेमने विचारलं.

वर्नाबाईंनी हातांनी दाखवलं. एवढंसं, पावाच्या लादीएवढं. दुपारी शेजारीण आली तेव्हा ते गुडघ्याला लागत होतं. रविवारी चर्चबाहेर मासेवाल्याच्या बायकोला सांगताना कमरेपर्यंत आलं. क्लेम शेजारी उभा होता; मासा सांगताना किती वाढतो हे गळ टाकणाऱ्याला ठाऊक असतं, त्याने एका शब्दाने त्यांना अडवलं नाही.